तुम्ही काय डाउनलोड करता हे इंटरनेट कंपनीला दिसतं का?

"टोरेंटवरून पिक्चर उतरवला तर वायफायवाल्याला कळतं का?" गावाकडून, म्हणजे चिखली तालुक्यातल्या आमच्या उंद्रीहून, मला येणाऱ्या टेक्निकल प्रश्नांमध्ये या प्रश्नाचा नंबर बराच वर आहे. (गूगलवर नुसतं "उंद्री" टाकलं की पुण्याची उंद्री आधी येते. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या उंद्रीबद्दल बोलतोय.) प्रश्न विचारणारा कधी कॉलेजचा मुलगा असतो, तर कधी ज्यांच्या नावावर कनेक्शन आहे ते त्याचे वडील. खरं तर वडिलांनी हा प्रश्न जास्त विचारायला हवा. का, ते लेखात पुढे येईलच.

थोडक्यात उत्तर

तुम्ही कोणता पिक्चर बघताय, कोणती पीडीएफ उतरवताय हे बघत कंपनीत कोणी बसलेलं नसतं. लाखो ग्राहकांच्या बाबतीत ते परवडणारं नाही, आणि आज बहुतेक वेबसाइट एन्क्रिप्टेड असल्यामुळे आतला मजकूर तसाही दिसत नाही. पण तुमचं कनेक्शन कोणत्या वेळी कोणत्या सर्व्हरशी जोडलं गेलं याची नोंद कंपनी ठेवते. लायसन्सच्या अटींमुळे तिला ती ठेवावीच लागते. ही नोंद ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याच्या नावाने असते. प्रत्यक्षात मोबाइल कोणाच्या हातात होता, हे त्या नोंदीत नसतं.

म्हणजे पाळत आणि नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक पाळतीला घाबरतात आणि नोंदीकडे दुर्लक्ष करतात.

उंद्रीहून निघालेला डेटा कुठून जातो?

समजा, उंद्रीत एका घरी फायबरचं कनेक्शन आहे. मोबाइलवर एखादी लिंक दाबली की ती विनंती आधी घरातल्या राउटरकडे जाते. तिथून फायबरने स्थानिक ऑपरेटरच्या मशीनकडे, आणि पुढे ज्या कंपनीचं इंटरनेट तो ऑपरेटर विकतो तिच्या नेटवर्कमध्ये. तिथून ती मोठ्या शहरातल्या एक्स्चेंजला आणि मग सर्व्हरला पोचते.

गावात आपण ज्याला "वायफायवाला" म्हणतो, तो बऱ्याचदा लायसन्सधारक कंपनी नसतो, तिचा फ्रँचायझी किंवा केबल ऑपरेटर असतो. भारतात इंटरनेट सेवेचं लायसन्स ए, बी आणि सी अशा तीन वर्गांत मिळतं. ए संपूर्ण देशासाठी, बी साधारण एका राज्याएवढ्या सर्कलसाठी आणि सी त्याहून लहान भागासाठी. नोंदी ठेवण्याची जबाबदारी लायसन्सधारकाची असते. लॉगिन, रिचार्ज, स्पीड आणि महिन्याला किती जीबी वापरले, एवढं स्थानिक ऑपरेटरला त्याच्या पॅनलवर सहसा दिसतं. "तुझ्या पोराने काल काय पाहिलं ते मला माहितीये" असं कोणी म्हणालं, तर तो बहुतेक वेळा फेकतोय असं समजा.

कंपनीला काय दिसतं, काय दिसत नाही?

आधी जे दिसतं ते:

- तुम्ही कधी ऑनलाइन होता आणि किती डेटा वापरला. ठराविक जीबीनंतर स्पीड कमी करायचा असेल, तर हे मोजावंच लागतं.
- तुमच्याकडून कोणत्या आयपी पत्त्यांशी संपर्क झाला.
- बहुतेक वेळा वेबसाइटचं नाव. ते दोन ठिकाणी उघडं पडतं. पहिलं डीएनएस, म्हणजे "या नावाच्या साइटचा आयपी पत्ता काय?" अशी चौकशी. ही चौकशी साधारणपणे कंपनीच्याच सर्व्हरकडे जाते. दुसरं ठिकाण म्हणजे कनेक्शन सुरू होताना ब्राउझर साइटचं नाव सांगतो ती जागा. तिला एसएनआय म्हणतात. साइट एचटीटीपीएस असली तरी हे नाव बहुतेक वेळा उघडंच जातं.
- पत्ता नुसत्या एचटीटीपीने सुरू होणारी जुनी साइट असेल तर सगळंच: पान, फाइलचं नाव आणि आतला मजकूर.

आता जे दिसत नाही ते:

- एचटीटीपीएस साइटवर तुम्ही नेमकं कोणतं पान उघडलं, काय सर्च केलं, कोणती फाइल घेतली.
- व्हॉट्सॲपवरचे मेसेज आणि त्यातून आलेले व्हिडिओ.
- टेलिग्रामच्या चॅनलवरून घेतलेल्या फाइलचं नाव. टेलिग्रामच्या सर्व्हरकडून दीड जीबी आले, एवढंच कंपनीला कळेल. तो पिक्चर होता की तलाठी भरतीच्या नोट्स, हे कळणार नाही.

एसएनआय ही नुसती पुस्तकी गोष्ट नाही. सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं होतं, की जिओच्या नेटवर्कवर साइट ब्लॉक करताना हेच नाव वाचलं जात होतं. म्हणजे यंत्र प्रत्येक कनेक्शनच्या सुरुवातीचं नाव तपासतं, यादीशी जुळवतं आणि जुळलं तर कनेक्शन तोडतं. याला नजर म्हणायचं का? तांत्रिकदृष्ट्या हो, पण ती यंत्राची नजर आहे आणि यादीपुरतीच आहे. फक्त हे यंत्र तिथे बसवलेलं आहे, हे विसरू नका.

टोरेंटची गोष्ट वेगळी का आहे?

साध्या डाउनलोडमध्ये दोनच पक्ष असतात, तुम्ही आणि सर्व्हर. टोरेंटमध्ये मधला सर्व्हर नसतो. ज्यांच्याकडे फाइलचे तुकडे आहेत ते सगळे ते तुकडे एकमेकांना देतात. तुमची फाइल अर्धी उतरली असताना तुमचा मोबाइल किंवा लॅपटॉप तोच अर्धा भाग दुसऱ्याला पाठवत असतो. याचे तीन परिणाम होतात.

पहिला परिणाम: कंपनीला न विचारताही तुमचा आयपी पत्ता जगाला दिसतो. त्या टोरेंटमध्ये सामील झालेला कोणीही बाकीच्यांचे पत्ते पाहू शकतो. चित्रपट कंपन्यांनी नेमलेल्या एजन्सी नेमकं हेच करतात. स्वतः टोरेंटमध्ये शिरतात आणि यादी उतरवून घेतात.

दुसरा परिणाम: एकाच वेळी शेकडो अनोळखी पत्त्यांशी संपर्क आणि वर सतत अपलोड, हा नमुना इतका ठळक असतो की मजकूर न वाचताही कंपनीच्या यंत्राला टोरेंट ओळखता येतो. त्यात एन्क्रिप्शन बंद असेल तर संभाषणाच्या सुरुवातीलाच प्रोटोकॉलचं नाव आणि त्या टोरेंटचा ठसा, म्हणजे इन्फो हॅश, उघडपणे जातो. त्या ठशावरून फाइल कोणती हेही शोधता येतं.

तिसरा परिणाम कायद्याचा आहे. तुम्ही फक्त घेत नाही, वाटतही असता. हा फरक किती महत्त्वाचा आहे, हे २०१६ मध्ये मुंबईत दिसलं.

२०१६ चा "३ वर्षं कैद" मेसेज

ऑगस्ट २०१६ मध्ये देशभरात अनेकांना ब्लॉक केलेल्या टोरेंट साइट उघडताना एक लांबलचक इंग्रजी सूचना दिसली. ही बेकायदा प्रत पाहणं, डाउनलोड करणं, दाखवणं किंवा तिची नक्कल करणं हा गुन्हा आहे आणि त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद आणि ३ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, असा तिचा आशय होता. मग काय, "साइट नुसती उघडली तरी जेल" असे फॉरवर्ड गावोगावी फिरले.

पार्श्वभूमी अशी. "ढिशूम" हा हिंदी चित्रपट त्या जुलैच्या अखेरीस प्रदर्शित होणार होता. त्याची पायरसी रोखण्यासाठी इरॉस कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. असे आदेश "जॉन डो" या नावाने ओळखले जातात, म्हणजे कोण पायरसी करणार हे माहीत नसताना अज्ञात व्यक्तींविरुद्ध घेतलेले आदेश. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट साइट बंद करायला नकार दिला आणि तपासून खात्री केलेल्या लिंकपुरताच आदेश दिला. पुढे त्या सूचनेचा प्रश्न त्यांच्यासमोर आला, तेव्हा त्यांनी स्पष्ट केलं, की सूचनेतलं वाक्य चुकीचं आहे. गुन्हा नुसतं पाहण्यात नाही. परवानगीशिवाय वितरण करणं, जाहीर प्रदर्शन करणं, विकणं किंवा भाड्याने देणं यात तो आहे.

यातून दोन गोष्टी समजून घ्या. एक, ती सूचना दिसली याचा अर्थ कोणीतरी तुम्हाला पकडलं असा नव्हता. ब्लॉक यादीतला पत्ता कोणीही उघडला तरी तेच पान पुढे येत होतं. दोन, न्यायालयाने पाहण्याला दिलासा दिला, वाटण्याला नाही. आणि टोरेंट वापरणारा प्रत्येक जण थोडंफार वाटतच असतो. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ मध्ये हेतुपुरस्सर उल्लंघनासाठी ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यातही दुरुस्ती झाली. थिएटरमध्ये चोरून रेकॉर्डिंग करणं आणि चोरीची प्रत पैसे कमावण्यासाठी लोकांना दाखवणं, यासाठी किमान ३ महिने कैद आणि ३ लाख रुपये दंड ठेवला गेला.

कोणती नोंद, किती दिवस?

या नोंदीला आयपीडीआर म्हणतात. मोबाइल कॉलचा सीडीआर असतो तसाच हा इंटरनेट वापराचा तपशील. त्यात साधारणपणे ग्राहकाचा ओळख क्रमांक, त्याला दिलेला आयपी पत्ता आणि पोर्ट, समोरच्या सर्व्हरचा आयपी आणि पोर्ट, सुरू होण्याची व संपण्याची वेळ असते. फाइलचं नाव नसतं, मजकूर नसतो.

आधी या नोंदी किमान एक वर्ष ठेवाव्या लागत. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने लायसन्सच्या अटी बदलल्या आणि ही मुदत किमान दोन वर्षं केली. म्हणजे या दिवाळीत तुमच्या वायफायवरून झालेला संपर्क पुढच्या वर्षीच्या दिवाळीतही शोधता येईल.

एकच पत्ता, अनेक घरं

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे पत्ते जगात मिळून सुमारे ४२९ कोटी आहेत, आणि ते कधीच पुरेनासे झाले. म्हणून बऱ्याच कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटतात. या पद्धतीला सीजीनॅट म्हणतात. एका पत्त्यावर ६५,५३६ पोर्ट असतात. प्रत्येक ग्राहकाला साधारण हजार पोर्ट दिले, तर एका पत्त्यामागे ६४ च्या आसपास घरं बसतात. आधी बस नंबर सांगितला की पुरायचं, आता सीट नंबरही सांगावा लागतो.

तुमच्याकडे हे आहे का, ते तपासता येतं. राउटरच्या सेटिंगमध्ये वॅन आयपी बघा. मग "माझा आयपी काय" सांगणारी कुठलीही साइट उघडा. दोन आकडे वेगळे आले तर तुम्ही असा वाटलेला पत्ता वापरताय. राउटरमधला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांतल्या आकड्यांनी सुरू होत असेल तर नक्कीच. याच कारणामुळे त्या साइटवर तुमचं ठिकाण चिखलीऐवजी नागपूर किंवा मुंबई दिसतं. साइटला तुमचं गाव कळत नाही. ते कळतं फक्त कंपनीच्या नोंदीतून.

त्यामुळे योग्य ग्राहक शोधायला तीन गोष्टी बरोबर लागतात: आयपी, पोर्ट आणि अचूक वेळ. यातली वेळ सगळ्यात दगा देणारी. परदेशी सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीमध्ये नोंद ठेवतात आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. सर्व्हरच्या नोंदीत १४ मार्च, १८:४५ असेल, तर आपल्याकडे १५ मार्चचे रात्री १२:१५ वाजलेले असतात. कोणी ते १४ मार्चचे संध्याकाळचे पावणेसात म्हणून वाचले, तर त्या वेळी तोच पत्ता भलत्याच घराकडे असू शकतो.

पत्ता चुकला तर काय होतं, याचं एक जुनं आणि वाईट उदाहरण पुण्याचं आहे. २००७ मध्ये ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह मजकूर टाकला गेला. पुणे पोलिसांनी आयपी पत्त्यावरून माग काढला आणि टेलिकॉम कंपनीकडे ग्राहकाचं नाव मागितलं. कंपनीने दिलेल्या माहितीवरून बंगळुरूच्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरला ऑगस्टच्या अखेरीस अटक झाली. तो पत्ता त्याचा नव्हताच. हे सिद्ध होऊन सुटेपर्यंत त्याने सुमारे ५० दिवस येरवडा जेलमध्ये काढले. त्याच्यावर कोणी पाळत ठेवली नव्हती. कुठेतरी एका नोंदीसमोर त्याचं नाव लागलं, एवढंच झालं.

ही नोंद कोण मागू शकतं?

शेजारी, नातेवाईक, बॉस किंवा चित्रपट कंपनी सरळ जाऊन मागू शकत नाही. रस्ते ठरलेले आहेत.

- नोंदीसाठी: गुन्ह्याच्या तपासात पोलीस लेखी आदेशाने माहिती मागू शकतात. पूर्वी हे सीआरपीसीच्या कलम ९१ खाली व्हायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४ लागू आहे. न्यायालयही आदेश देऊ शकतं.
- प्रत्यक्ष मजकूर टिपण्यासाठी: याची पायरी बरीच वरची आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६९ आणि २००९ च्या नियमांप्रमाणे साधारणपणे केंद्र किंवा राज्याच्या गृहसचिवांचा आदेश लागतो. तो एका वेळी ६० दिवसांपर्यंत आणि सगळं मिळून १८० दिवसांपर्यंत चालतो. दूरसंचार कायदा २०२३ च्या कलम २० मध्येही अशीच तरतूद आहे आणि तिचे नियम डिसेंबर २०२४ मध्ये आले. डिसेंबर २०१८ च्या आदेशाने केंद्राने कलम ६९ साठी दहा यंत्रणांची यादी जाहीर केली आहे.

शिवाय सरकारची स्वतःची सेंट्रल मॉनिटरिंग सिस्टिमही आहे. कायदेशीर आदेशानंतर टिपण्याचं काम त्यातून होतं, प्रत्येक वेळी कंपनीच्या माणसाला सांगावं लागत नाही.

आदेश आहे म्हणजे तो बरोबरच, असंही नाही. "विनीत कुमार विरुद्ध सीबीआय" या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २२ ऑक्टोबर २०१९ रोजी एका व्यावसायिकाचे फोन टॅप करण्याचे तीन आदेश रद्द केले आणि टिपलेलं रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न नसताना टॅपिंग करता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. ते प्रकरण फोनचं होतं, पण खासगीपणाचं तत्त्व तेच.

मग लोक पकडले कसे जातात?

बहुतेक वेळा इंटरनेट कंपनीच्या नजरेमुळे नाही. तीन उदाहरणं बघा.

ऑगस्ट २०१७ मध्ये "गेम ऑफ थ्रोन्स"च्या सातव्या सीझनचा चौथा भाग प्रसारणाआधीच फुटला. मुंबई पोलिसांनी चार जणांना अटक केली. त्यांचा संबंध त्या भागाचं तांत्रिक काम सांभाळणाऱ्या मुंबईतल्याच कंपनीशी होता. म्हणजे कारवाई उतरवून घेणाऱ्या हजारोंवर नाही, फोडणाऱ्यांवर झाली.

दुसरं उदाहरण क्लासच्या नोट्सचं. एका कोचिंग शिक्षिकेचं साहित्य टेलिग्राम चॅनलवर फुकट वाटलं जात होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला चॅनल चालवणाऱ्यांची माहिती द्यायला सांगितलं, आणि त्यानंतर टेलिग्रामने ॲडमिनची नावं, फोन नंबर आणि आयपी पत्ते न्यायालयाला दिले. "टेलिग्रामवर कोणाला कळत नाही" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. वायफायवाल्याला कळलं नाही तरी ॲपला सगळं माहीत असतं.

तिसरं उदाहरण गंभीर आहे. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचं साहित्य. इथे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७बी प्रमाणे नुसतं शोधणं, पाहणं आणि डाउनलोड करणं हाही गुन्हा आहे. पहिल्या वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख रुपयांपर्यंत दंड. २०१६ चा दिलासा इथे लागू नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या बाबतीत कडक भूमिका घेतली. सोशल मीडिया कंपन्या असं साहित्य दिसलं की अमेरिकेतल्या एका संस्थेला कळवतात आणि २०१९ च्या करारानुसार भारताशी संबंधित माहिती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे येते. अशाच माहितीवरून महाराष्ट्र सायबरने २०२० मध्ये "ऑपरेशन ब्लॅकफेस" ही मोहीम राबवली. या साखळीत सुरुवात ॲपपासून होते. इंटरनेट कंपनीचं काम सगळ्यात शेवटी येतं: हा पत्ता त्या वेळी कोणाकडे होता?

जर्मनीला शिकायला जाणाऱ्यांसाठी

भारतात साध्या टोरेंट डाउनलोडसाठी घरी पत्र येणं दुर्मीळ आहे. जर्मनीत तसं नाही. तिथे हक्कधारकांचे वकील टोरेंटमधून आयपी पत्ते गोळा करतात, न्यायालयामार्फत कंपनीकडून नाव मिळवतात आणि शेकडो युरो मागणारी नोटीस घरी पाठवतात. मराठी मुलं तिथे गेली की जुन्या सवयीने पहिल्याच महिन्यात एखादा पिक्चर उतरवतात आणि मग घरमालकाच्या नावाने पत्र येतं. तिथेही पत्र जातं ते कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्यालाच.

व्हीपीएन, इनकॉग्निटो, डीएनएस: कशाने काय झाकतं?

- इनकॉग्निटो: फक्त तुमच्या मोबाइलमधली हिस्टरी साठवत नाही. कंपनीसाठी काहीच बदलत नाही.
- खासगी डीएनएस: मोबाइलच्या सेटिंगमध्ये असतो. डीएनएसची चौकशी झाकली जाते, पण एसएनआयमध्ये नाव तरीही दिसू शकतं.
- व्हीपीएन: कंपनीला फक्त व्हीपीएनचा सर्व्हर आणि किती डेटा गेला ते दिसतं. पण सगळं आता व्हीपीएनवाल्याला दिसू शकतं. विश्वास एका दुकानातून दुसऱ्या दुकानात नेला, एवढंच. फुकट व्हीपीएन ॲपबद्दल तर दहा वेळा विचार करा.

भारतात व्हीपीएन वापरणं बेकायदा नाही. पण सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षं ठेवावी लागते. त्यानंतर एक्स्प्रेस व्हीपीएनसारख्या काही कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. आणि व्हीपीएन लावला म्हणून बेकायदा गोष्ट कायदेशीर होत नाही, हे वेगळं सांगायला नको.

कनेक्शन तुमच्या नावावर असेल तर हे करा

गावात एका घरचं वायफाय चार घरं वापरतात, यात वाईट काही नाही. पण नोंदीत चारही घरांचा वापर एकाच नावाने जातो.

१. वायफायचा पासवर्ड मोबाइल नंबर किंवा गावाचं नाव नको. बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड बदला आणि राउटरच्या ॲडमिन पानाचाही बदला.

२. बाहेरच्यांसाठी गेस्ट नेटवर्क चालू करा. नोंद तुमच्याच नावाने होईल, पण त्यांना तुमच्या घरातल्या मशीनपर्यंत पोचता येणार नाही आणि त्यांचा पासवर्ड हवा तेव्हा बदलता येईल.

३. दुकान, मेस किंवा अभ्यासिकेत लोकांना वायफाय द्यायचं असेल तर घरगुती कनेक्शन वाटू नका. त्यासाठी पीएम-वाणीसारखी व्यवस्था आहे. तिथे वापरणाऱ्याची ओळख वेगळी नोंदली जाते.

४. सिमकार्डालाही हाच नियम. संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावाने किती मोबाइल नंबर चालू आहेत ते पाहता येतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच तक्रार करा. मित्राला स्वतःच्या नावाचं सिम देऊ नका.

५. मुलांशी बोला. "टोरेंट वापरू नको" एवढं सांगून भागत नाही. डाउनलोड करताना आपण वाटतही असतो आणि नोंद बाबांच्या नावाने होते, हे समजावून सांगा.

६. पोलिसांची नोटीस आलीच तर घाबरून राउटर फेकू नका, मोबाइल फॉरमॅट करू नका. त्यात आयपी, पोर्ट, तारीख आणि वेळ कोणत्या टाइम झोनमध्ये दिली आहे ते बघा आणि वकिलाला दाखवा. पुण्याच्या त्या प्रकरणानंतर एवढी खबरदारी घ्यायलाच हवी.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*टोरेंट वापरणंच बेकायदा आहे का?*
नाही. लिनक्ससारखी कितीतरी मुक्त सॉफ्टवेअर अधिकृतपणे टोरेंटवर मिळतात. फाइल कोणाची आहे आणि वाटायची परवानगी आहे का, यावर सगळं ठरतं.

*ब्लॉक केलेली साइट चुकून उघडली तर केस होते का?*
नुसतं ब्लॉकचं पान दिसणं म्हणजे केस नाही. पान बंद करा आणि पुढे चला.

*कंपनी माझी माहिती जाहिरातवाल्यांना विकू शकते का?*
ग्राहकाच्या माहितीची गोपनीयता राखणं लायसन्सच्या अटींमध्येच आहे. त्यावर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होतायत. त्यानुसार तुमची संमती घ्यावी लागेल आणि ती मागे घेण्याचा हक्क तुम्हाला असेल. कंपनीचं ॲप टाकताना "परवानगी द्या" दाबण्याआधी वाचायची सवय लावून घ्या.

*मोबाइल डेटा वापरला तर नोंद होत नाही का?*
होते. उलट तिथे सिम थेट तुमच्या ओळखपत्राला जोडलेलं असतं, आणि मोबाइल कोणत्या टॉवरवर होता हेही कंपनीकडे असतं.

*हिस्टरी डिलीट केली तर?*
तुमच्या मोबाइलमधली जाते. कंपनीची नोंद तिच्या सर्व्हरवर असते, तिला हातही लागत नाही.

हा लेख माहितीसाठी आहे, कायदेशीर सल्ला नाही. लेख वाचून एकच काम करायचं असेल, तर आज घरी गेल्यावर कनेक्शन कोणाच्या नावावर आहे ते बघा आणि वायफायचा पासवर्ड कोणाकोणाकडे आहे ते मोजा. आकडा आठवत नसेल तर पासवर्ड बदलायची वेळ झाली आहे.